नॅनोसंमिश्रांच्या अभ्यासातील एनएमआर : एक समीक्षा

नायलॉन-६ मध्ये मातीचे नॅनोकण कितपत विखुरले, हे एनएमआरने मोजण्याची पद्धत व्हँडरहार्ट, असानो व गिलमन यांनी २००१ मध्ये मांडली. मॉन्टमोरिलोनाइट मातीतील लोहामुळे नायलॉनच्या प्रोटॉनांचा शिथिलन-काळ घटतो. कण जितके अधिक विखुरलेले, तितकी घट जास्त. सूक्ष्मदर्शक अत्यल्प भाग दाखवतो, ही पद्धत संपूर्ण नमुन्याची सरासरी देते, हे तिचे श्रेय होय.

तथापि मोजमाप थंड झालेल्या नमुन्याचे होते. एक्स्ट्रूडरमधील वितळलेल्या द्रव्यात काय घडले, ते अनुमानच राहते. शिवाय लोहाचे प्रमाण मातीगणिक बदलते. भोपाळच्या सोनागिरी-गोविंदपुरा भागातील प्लॅस्टिक कारागिराला तापमान व स्क्रूचा वेग ठरवायचा असतो. प्रक्रियेच्या नोंदींशी जोडल्याशिवाय हे आकडे त्याच्या उपयोगाचे नाहीत.