लेखकत्वाचा प्रश्न आणि महाजालावरील ज्ञानव्यवहार

महाजालाने ज्ञानाचे लोकशाहीकरण केले, हे विधान आपल्या विद्यापीठीय चर्चेत आता गृहीतकासारखे वावरते. या विधानात दोन भिन्न प्रश्न मिसळलेले असतात. ज्ञान कोणापर्यंत पोहोचले, हा एक. ज्ञानाचा कर्ता म्हणून कोणाची नोंद झाली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बव्हंशी समाधानकारक आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड, मराठी विश्वकोश आणि 'शोधगंगे'वरील प्रबंध सिंदेवाहीसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही आज वाचता येतात. एके काळी त्यासाठी मोठ्या शहरातील ग्रंथालयावर अवलंबून राहावे लागे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. ते शोधण्यासाठी सिंदेवाहीच्याच धानपट्ट्यातील एक प्रकरण उपयोगी पडते.

सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि भात हा त्याच्या अभ्यासाचा मुख्य विषय आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे (मृत्यू २०१८) हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. १९८३च्या सुमारास 'पटेल-३' या वाणाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढून, वर्षानुवर्षे पेरून, निवडून त्यांनी जो वाण सिद्ध केला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव पडले. खोब्रागडे यांच्या कथनानुसार १९९४ साली विद्यापीठाने त्यांच्याकडून प्रयोगासाठी पाच किलो बियाणे नेले. १९९८मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित झाला. बियाण्याचे शुद्धीकरण आपण केले, ही विद्यापीठाची भूमिका. प्रस्तुत लेखाला या वादाचा निवाडा करावयाचा नाही. निवडीची तीच क्रिया संस्थेत घडली की 'संशोधन' ठरते आणि बांधावर घडली की 'नमुना', ही व्यवस्था येथे महत्त्वाची आहे.

साहित्यविचाराला ही व्यवस्था अपरिचित नाही. बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. दोन वर्षांनी फूको यांनी 'लेखक' हे व्यक्तीचे नव्हे, तर ज्ञानव्यवहारातील एका कार्याचे नाव असल्याचे दाखविले. पत्राला सही करणारा असतो, कराराला हमीदार असतो. लेखक असतोच असे नाही. याच तर्काने बियाण्याला 'पुरवठादार' असतो आणि लोकगीताला 'निवेदक'. आपल्या समीक्षेने लेखकाचा मृत्यू उत्साहाने स्वीकारला. ज्यांना लेखकत्व कधी लाभलेच नाही, त्यांच्या बाबतीत हा मृत्यू कोणत्या जन्मानंतरचा, हे विचारण्याचे मात्र राहून गेले.

महाजालाने ही व्यवस्था बदलली काय? अंशतः बदलली. खोब्रागडे यांचे कर्तृत्व सार्वजनिक नोंदीत आणण्यात विद्यापीठाबाहेरच्या संपर्कजाळ्याचा वाटा मोठा आहे. अनिल गुप्ता यांच्या पुढाकाराने १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिलेले 'हनी बी नेटवर्क' आणि २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान यांनी ज्ञान घेताना ज्ञानकर्त्याचे नाव घेण्याचे तत्त्व पाळले. तथापि नोंद म्हणजे न्याय नव्हे. नाव झाले, पुरस्कार मिळाले, तरी खोब्रागडे यांची आर्थिक विवंचना अखेरपर्यंत मिटली नाही.

विकिपीडियाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. २००३पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो. परंतु लिहिलेले टिकावयाचे तर त्याला प्रकाशित संदर्भ हवा. निराधार मजकूर रोखण्यासाठी हा नियम आवश्यकच आहे. त्याचा परिणाम मात्र असा, की लेखणी सर्वांच्या हाती आली आणि प्रामाण्य छापील ग्रंथाकडेच राहिले. २०११ साली भारत व दक्षिण आफ्रिकेत 'मौखिक संदर्भां'चा एक प्रयोग झाला. हिंदी, मलयाळम व सेपेडी या भाषांत बोलत्या माणसाचे ध्वनिमुद्रण हाच आधार मानून लेख रचले गेले. तो प्रयोगच राहिला. सर्वमान्य रीत झाला नाही.

उच्च शिक्षणात हाच पेच अधिक तीव्र होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत वाङ्मयचौर्याच्या व्याख्येत दुसऱ्याच्या कृतीबरोबर दुसऱ्याच्या कल्पनेचाही अंतर्भाव आहे. दंडाची श्रेणी मात्र साम्याच्या टक्केवारीवर ठरते : दहापर्यंत क्षम्य, पुढे चढत्या शिक्षा. म्हणजे व्याख्येत कल्पना आहे, मोजणीत केवळ शब्द. साम्यशोधक प्रणाली आपल्या साठ्यातील संहितेशीच तुलना करू शकते. धानाच्या रोवणीच्या वेळी झाडीबोलीत गाणाऱ्या स्त्रीचे गीत आणि त्या गीताचा तिने स्वतः सांगितलेला अर्थ शोधार्थ्याने प्रबंधात आपले विवेचन म्हणून उतरविला, तर यंत्र त्याला निर्दोष ठरवील. उलट गावोगाव फिरून त्याने केलेल्या प्रामाणिक संकलनातील गीते पूर्वी छापली गेली असतील, तर अवतरणाच्या एखाद्या तांत्रिक चुकीमुळे तो संशयित ठरेल. त्यातच अनेक मराठी प्रबंध प्रतिमारूपात किंवा जुन्या टंकांत साठविलेले असल्याने शोधयंत्राला ते वाचताच येत नाहीत.

यावर सर्व मौखिक ज्ञान महाजालावर चढवावे, हा उपाय सुचविला जातो. तो भाबडा आहे. वैदूचे औषधज्ञान एकदा खुले झाले की ते परत घेता येत नाही, आणि नावाची नोंद म्हणजे संमती नव्हे. उपाय याहून साधा आणि म्हणूनच अवघड आहे. सांगणाऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर, परिशिष्टातील यादीत न ठेवता विवेचनाच्या ओळीत, ग्रंथकाराच्या शेजारी आले पाहिजे; आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्यातील त्याच्या वाट्याचा भाग त्याच्या बोलीत त्याला वाचून दाखविला पाहिजे. २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ अशाच मौखिक ज्ञानाच्या प्रदेशात उभे आहे. तेथील मौखिकीच्या वेळी परीक्षकाने साम्याच्या अहवालाबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : हे तुम्हाला कोणी सांगितले? त्या प्रश्नाचे उत्तर कोणतेही यंत्र देणार नाही. ते शोधार्थ्यालाच द्यावे लागेल.