सभागृहात न बोललेले

शरद पवारांवर मराठीत इतके लिहून झाले आहे की आणखी एक लेख दिसल्यावर तुम्ही कंटाळणार, हे मला ठाऊक आहे. त्यांनी केलेली आणि मोडलेली सरकारे हा आपल्या परदेशातल्या गणपतीतही दरवर्षीचा वाद. त्यात मला पडायचे नाही. मला त्यांच्याकडे फक्त संसदपटू म्हणून पाहायचे आहे, आणि तेही दोनच विषयांपुरते: शेती आणि खेळ.

हे दोनच का? २००४ ते २०१४ अशी सलग दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. त्याच काळात २००५ ते २००८ बीसीसीआयचे आणि २०१० ते २०१२ आयसीसीचे अध्यक्षही होते. बाजार समितीचा कट्टा आणि क्रिकेटचे बोर्ड ही दोन्ही जगे आतून पाहिलेला दुसरा खासदार शोधून सापडणार नाही. शिवाय राज्यघटनेनुसार शेती आणि खेळ हे दोन्ही मुळात राज्यांचे विषय. त्यात दिल्लीने किती हात घालावा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच येतो. म्हणजे या विषयांवर कायदा यायचा असेल, तर पहिल्यांदा ऐकावे ते पवारांचेच.

पण ऐकायला गेलो तर काय मिळते?

आधी खेळ. २०११ साली क्रीडामंत्री अजय माकन यांनी राष्ट्रीय क्रीडा विकास विधेयक तयार केले. संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना सत्तर वर्षांची वयोमर्यादा, कारभारात खेळाडूंना वाटा आणि बीसीसीआयला माहिती अधिकाराच्या कक्षेत आणणे, हा त्याचा गाभा. ३० ऑगस्टला मंत्रिमंडळाने ते परत पाठवले. त्या मंत्रिमंडळात पवारांखेरीज विलासराव देशमुख, फारुख अब्दुल्ला, सी. पी. जोशी हे क्रिकेट संघटनांचे प्रमुख होते आणि फुटबॉल महासंघाचे प्रफुल्ल पटेलही. पवारांचे वय तेव्हा सत्तर होते.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच लेचापेचा नव्हता. सरकारी अनुदान न घेणाऱ्या संस्थेवर सरकारने किती अंकुश ठेवावा, ऑलिंपिक चळवळीतल्या स्वायत्ततेचे काय, यावर सभागृहात उत्तम चर्चा झाली असती. ती झाली नाही, कारण ते विधेयक संसदेत मांडलेच गेले नाही. बंद दाराआड कोण काय म्हणाले, ते आपल्याला वर्तमानपत्रातल्या ‘सूत्रां’कडून कळले. पुढे हेच सगळे न्यायालयाच्या दाराने आले. लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१६ रोजी स्वीकारल्या. त्यात सत्तरची मर्यादा होती, मंत्र्यांना बंदीही होती. डिसेंबरमध्ये पवारांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्षपद सोडले.

आता शेती. इथे माझे मन अधिक गुंतलेले आहे. माझ्या मामांची शेती करमाळा तालुक्यात, म्हणजे पवार २००९ साली जिथून निवडून गेले त्या माढा मतदारसंघात. कांदा घेऊन सोलापूरला जायचे आणि पट्टी हातात पडल्यावर गप्प बसायचे, हे मी लहानपणी पाहिले आहे. बाजार समित्यांची मक्तेदारी सैल व्हावी असे पवारांना मनापासून वाटत होते, याबद्दल मला शंका नाही. कृषिमंत्री असताना त्यांनी राज्यांना तशी पत्रे लिहिली. २०१० साली शीला दीक्षित यांना लिहिलेले पत्र त्यातलेच. विषय राज्यांचा, तेव्हा राज्यांना समजावून सांगायचे, ही त्यांची रीत घटनेला धरूनच होती.

मग २०२० साल आले. केंद्राने आधी वटहुकूम काढले आणि सप्टेंबरमध्ये विधेयके आणली. २० तारखेला राज्यसभेत गोंधळात, मतविभागणीची मागणी डावलून, आवाजी मतदानाने दोन विधेयके मंजूर झाली. त्या दिवशी पवार सभागृहात नव्हते. मराठा आरक्षणाच्या प्रश्नासाठी मुंबईत होतो, असे त्यांनी सांगितले. निलंबित झालेल्या आठ खासदारांसाठी त्यांनी २२ तारखेला एक दिवस अन्नत्याग केला.

अन्नत्याग ठीक आहे. पण त्या दिवशी देशाला हवे होते ते त्यांचे भाषण. ‘सुधारणा मलाही हवी होती. ती मी राज्यांना पत्र लिहून मागत होतो, तुम्ही ती वरून लादता आहात,’ हे वाक्य ज्या तोंडी शोभले असते असा राज्यसभेत एकच माणूस होता. ते बोलले गेले नाही. डिसेंबरमध्ये जुनी पत्रे बाहेर आली आणि सरकारने ती पवारांविरुद्धच वापरली. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी खुद्द पंतप्रधानांनी राज्यसभेत त्यांचे नाव घेऊन, हेही सुधारणांच्या बाजूचे होते, असे सुनावले. पवारांचा पक्ष खुलासे करत राहिला. जे आपण वेळेवर आपल्या तोंडाने सांगितले नाही, ते दुसरा त्याच्या सोयीने सांगतो.

कुणी म्हणेल, संसदेतल्या भाषणांनी काय होते? पवारांची ताकद फोनवर, बैठकीत, माणसे जोडण्यात. खरे आहे, आणि अनेक शेतकऱ्यांना त्याचा फायदाही झाला आहे. पण फोनवर काय ठरले, हे मामांना कधी वाचता येणार नाही. सभागृहातले भाषण त्यांना वाचता येते आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा जाबही विचारता येतो.

मी राहते त्या ब्रिटनमध्ये सगळे आलबेल आहे, असे नाही. पण इथला फुटबॉल कारभाराचा कायदा ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉर्ड्समध्ये मांडला गेला आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर झाला. मधल्या नऊ महिन्यांत सदस्यांनी कलमागणिक कीस काढला, बोलण्याआधी आपले हितसंबंध सांगितले. भारताचे क्रीडा प्रशासन विधेयक त्याच जुलैच्या २३ तारखेला मांडले गेले आणि १२ ऑगस्टला दोन्ही सभागृहांतून पार झाले. कृषी कायदे तर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द झाले तेही चर्चेविना. कायदे येतानाही बोलणे नाही, जातानाही नाही.

याचा दोष एकट्या पवारांवर टाकणे अन्यायाचे होईल. बोलू न देणारे सरकार त्यात मोठे वाटेकरी आहे. पण ज्याला बोलण्याचा अधिकार सर्वांत जास्त होता, त्याच्याकडूनच अपेक्षा करायची ना? आपण इतक्या लांबून मत बनवतो ते बरेचसे वाचून. पवारांचे चाहते असा वा टीकाकार, संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन या दोन विषयांवरचे त्यांचे शब्द एकदा स्वतः शोधा. जिथे ते सापडायला हवे होते आणि सापडत नाहीत, त्या तारखा वर दिल्या आहेत.