आंध वस्त्या आणि पदव्युत्तर अभ्यासाची भाषा

कयाधूकाठचे नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्या पदांची भाषा मराठी अभंगांची नव्हे. ज्यांच्यात जावयाचे त्यांच्या बोलीत बोलावे, हे तत्त्व म्हणूनच ह्या परिसरात कोणी नाकारणार नाही. मात्र त्याच हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ व कळमनुरी तालुक्यांच्या आंध वस्त्यांत त्याचा पडताळा घेऊ गेल्यास अडचण उभी राहते. आंधांची भाषा मराठीच आहे. मग आदिवासींत काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने शिकावयाचे काय?

ह्या विषयाचा जो आदर्श सामान्यतः पुढे ठेवला जातो, तो जुन्या हैदराबाद संस्थानातील आहे. कोमाराम भीम ह्यांच्या १९४० मधील उठावानंतर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ ह्यांना आदिलाबादेत कारणे शोधण्यास धाडण्यात आले, आणि १९४३ मध्ये मार्लावाई येथे गोंड शिक्षक घडविण्याचे केंद्र निघाले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. सेतुमाधवराव पगडी ह्यांनी त्याच जिल्ह्यात अधिकारी असताना गोंडी व कोलामी शिकून त्यांची व्याकरणे लिहिली. सरकारी नोकरीत राहून एवढे करणारे विरळाच! तथापि भाषा शिकल्याने काम पुरे होते, असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरेल. हाइमेनडॉर्फ ह्यांनीच १९८२ च्या आपल्या ग्रंथात गोंडांच्या जमिनी परक्यांच्या हाती गेल्याची हकीकत नोंदविली आहे.

गोंडी न येणाऱ्यास आपले अज्ञान पहिल्याच दिवशी कळते. आंध वस्तीत गेलेल्या मराठी विद्यार्थ्यास ते कळतच नाही, आणि हा धोका अधिक मोठा होय. शब्द ओळखीचे असल्याने अर्थही ओळखीचा आहे, अशी त्याची समजूत होते.

वनहक्क कायदा २००६ चा. अनुसूचित जमातीच्या दावेदाराची वहिवाट १३ डिसेंबर २००५ पूर्वीची असावी लागते. आणि २००८ च्या नियमांनुसार दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्धांचे लेखी घेतलेले निवेदन हाही एक पुरावा धरला जातो. ते लेखी कोण घेतो? पुष्कळदा शिकलेला कार्यकर्ता. एखादा वृद्ध म्हणतो, "त्याचा बाप वाहत होता तवापासून." कार्यकर्ता लिहितो, "सदर जमीन वडिलांपासून ताब्यात आहे." वाक्य सुधारले खरे, पण 'वाहणे' ह्यात घाम आहे, 'ताबा' ह्यात केवळ हक्काची भाषा आहे. काळाचेही तेच. बहात्तरच्या दुष्काळाशी जोडलेली आठवण 'सन १९७२ पासून' अशी लिहिली की, दुष्काळाच्या आधीपासूनची वहिवाट दुष्काळापासूनची ठरते, आणि पुढच्या चौकशीत त्याच वृद्धाच्या तोंडून विसंगती उमटते.

भाषाविज्ञानाच्या विभागांनी ह्याकडे पाहावयास हवे. समाजकार्याच्या विभागांवर ते सोपवून चालणार नाही. ध्वनिलेखन शिकविताना आपण उच्चाराचा बारीक भेद टिपावयास लावतो. परंतु विद्यार्थी निवेदनाची प्रमाण मराठीत घडी बसवितो, तेव्हा त्यास कोणी टोकत नाही. सिद्धान्तावरील निबंधाऐवजी परीक्षेत एक टिपण मागवावे: वृद्धाचे शब्द जसेच्या तसे, बाजूस कार्यालयीन मराठी, आणि दोन्ही त्यालाच वाचून दाखविल्यावर त्याने केलेल्या दुरुस्त्या. गुण त्या दुरुस्त्यांच्या नोंदीस द्यावेत.