ग्रामीण भागातील लैंगिक आरोग्यकार्य आणि ‘पिअर’ संकल्पना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
भारतातील एचआयव्ही प्रतिबंधाच्या धोरणात ‘पिअर एज्युकेटर’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. ज्या समूहात काम करावयाचे, त्याच समूहातील व्यक्तीने माहिती व कंडोम पोहोचवावेत आणि तपासणीसाठी सोबत करावी, हे तिचे मूळ सूत्र होय. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७-२०१२) समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष व तृतीयपंथी यांच्यासाठीचे प्रकल्प याच सूत्रावर विस्तारले. हे सूत्र खेड्यात कितपत टिकते, हा प्रश्न चिकित्सेस पात्र आहे.

नगरकेंद्री आराखडा :
या प्रकल्पांची बांधणी ‘हॉटस्पॉट’भोवती झाली. उद्यान, रेल्वेस्थानक, स्वच्छतागृह अशी भेटीची ठिकाणे हेरावयाची आणि साधारणतः साठ व्यक्तींमागे एक पिअर नेमावयाचा, असा हा हिशेब. शहरात गर्दीच ओळख झाकते. खेड्यात मात्र एस.टी. स्टँडवरचा माणूस कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, हे सर्वांस ठाऊक असते. ‘तो आपल्यातला आहे’ हे पिअरचे बळ. पण खेड्यात तेच त्याच्या उघड होण्याचे कारण ठरते. त्याच्याशी वारंवार बोलणाराही संशयाच्या कक्षेत येतो.

कायदा आणि गोपनीयता :
जुलै २००१ मध्ये लखनौ येथे समलिंगी पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना कलम ३७७ खाली अटक झाली. प्रतिबंधाचे कार्यच गुन्हा ठरू शकते, हे त्यातून उघड झाले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बाधित व्यक्तीच्या माहितीस गोपनीयतेचे संरक्षणही दिले. परंतु हे संरक्षण आजाराच्या माहितीपुरते आहे. गावाच्या पारावर होणाऱ्या चर्चेस कोणतेही कलम रोखू शकत नाही.

पर्यायांची मर्यादा :
ग्रामीण भागासाठी ‘लिंक वर्कर’ योजना आली. तिने गावे गाठली. मात्र लिंक वर्कर त्या समूहातीलच असेल, अशी अट नव्हती. परिणामी पोहोच वाढली तरी विश्वासाचा प्रश्न उरला. शिवाय धोरणातील गट संसर्गाच्या जोखमीवरून आखलेले असल्याने स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांना त्यांत स्थानच मिळाले नाही. याउलट सांगली येथे ‘संग्राम’ या संस्थेच्या कार्यातून उभी राहिलेली ‘मुस्कान’ ही देहविक्रय करणाऱ्या पुरुषांची व तृतीयपंथीयांची संघटना वेगळी दिशा दाखवते. तेथे पिअर हा केवळ कंडोम वाटणारा हात न राहता संघटित हक्काचा आवाज होतो.

निष्कर्ष :
पिअर पद्धती खेड्यात निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही. तिचा शहरी साचा अपुरा आहे. पिअरने स्वतःच्या गावाऐवजी शेजारच्या तालुक्यात काम करणे, आठवडी बाजार व जत्रांच्या गर्दीचा आधार घेणे आणि ग्रामीण रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण करणे हे बदल शक्य आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अल्प मानधनावर सर्वाधिक धोका पत्करणाऱ्या या कार्यकर्त्यास निर्णयप्रक्रियेत स्थान मिळावयास हवे. वाटलेल्या कंडोमची संख्या अहवालात दिसते. पिअरची सुरक्षितता दिसत नाही. मूल्यमापनाची खरी कसोटी तीच असावी.