मातीचे दुर्ग आणि बोलका प्रेक्षक

दिवाळीत बेळगावपासून निपाणीपर्यंत गल्लोगल्ली उभे राहणारे मातीचे किल्ले केवळ बालक्रीडा म्हणून उपेक्षिणे रसिकतेस शोभत नाही. दगडविटांच्या राशीवर चिखलात भिजवलेली पोती अंथरून, वर तांबडी माती लिंपून आणि मोहरी पेरून येथील तरुण राजगड, प्रतापगड साकारतात. बांधणाराच तेथे निरूपणकार होतो. पाहुणा 'संजीवनी माची कोणती?' असे पुसतो, मुलगा काठीने ती दाखवितो. प्रतापगडची १६५९ सालची भेट माथ्यावर मांडलेली दिसली, तर एखादे वृद्ध गृहस्थ ती गडाखाली हलवावयास लावतात. प्रेक्षकाचा असा हात लागणे, हाच या कलेचा प्राण होय.

म्हणूनच एक दोष सांगितला पाहिजे. कित्येक ठिकाणी झगमगते दिवे आणि साच्यातील विकतचे मावळे यांनाच अधिक मान मिळतो. आकार भव्य होतो. परंतु राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्यांचा बालेकिल्ल्याशी असलेला संबंध हरवतो. गड म्हणजे शोभेचा डोंगर नव्हे. पाणी, वाट आणि शत्रूची चाल यांचा तो विचार आहे.

आमची सूचना एवढीच : कोणी येळ्ळूरचा राजहंसगड बांधावा. तो सकाळी प्रत्यक्ष पाहता येतो आणि सायंकाळी मातीत पडताळता येतो.

तुळशीच्या लग्नानंतर माती मातीस मिळेल. गणेशमूर्तीप्रमाणे या कलेसही विसर्जन शोभते. मुलांच्या मनात मागे राहील तो गड मात्र खरा असावा.