गोठ्यातून दिसलेलं सरकार

आमच्या मंडळाचा वाचनकट्टा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये भरतो. पुलं झाले, गोनीदां झाले, गौरी देशपांडे झाल्या. गेल्या वर्षी कुणीतरी महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ सुचवला आणि एकदम शांतता पसरली. "जुनी भांडणं इथे सातासमुद्रापार कशाला आणायची?" एक काका म्हणाले. मी बोलले काही नाही, पण मनातून मला त्यांचं पटलं होतं. कारण आमचं घराणं कुलकर्ण्यांचं. सिन्नरजवळच्या एका गावाचं दप्तर पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे होतं. पणजोबांचं वळणदार मोडी अक्षर हा आमच्या घरातला अभिमानाचा विषय. ‘असूड’ कुणाच्या पाठीवर ओढला आहे, हे न वाचताच ठाऊक असल्यासारखं होतं.

तरीही पुस्तक ठरलं आणि मी ते वाचलं. एकदा रागाने, मग पुन्हा शांतपणे. दुसऱ्या वाचनात मला जे दिसलं, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी थोडी माहिती. फुल्यांनी ‘असूड’ लिहिला 1883 साली. छापण्याआधी त्यांनी तो पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. ‘दीनबंधु’ पत्रात सुरुवातीचा भाग छापून आला, पण पुढचं छापायला संपादक नारायण मेघाजी लोखंडे कचरले. सहकाऱ्यालाही न पेलणारं लिखाण होतं ते! संपूर्ण ग्रंथ काही लेखकाच्या हयातीत छापला गेला नाही. 1969 साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं समग्र वाङ्मय आलं आणि फुले घरोघरी पोचायची वाट मोकळी झाली.

या ग्रंथाची ओळख बहुतेक ठिकाणी ‘भटशाहीवरचा हल्ला’ अशी करून दिली जाते. पहिलं प्रकरण तसं आहेच. जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाखाली शेतकरी कसा नाडला जातो, याची ती यादी आहे. पण तेवढंच वाचून पुस्तक मिटलं, तर निम्म्याहून अधिक ग्रंथ हातचा जातो. माझ्या मते ‘असूड’ हा इंग्रजी राज्यकारभाराचा मराठीत केलेला एक कडक हिशेबतपास आहे आणि तो हिशेब कचेरीतून नव्हे, गोठ्यातून मांडलेला आहे.

म्हणजे काय, ते पाहू. पूर्वी ज्याच्याकडे जमीन थोडी, तो शेतकरीही गावच्या गायरानावर एखादी गाय, दोन शेळ्या पाळून आणि जवळच्या डोंगरातला पाला, फळं, लाकूड आणून कसाबसा तगून राहत असे. मग जंगलखातं आलं. 1878 च्या कायद्याने त्याचा हात आणखी बळकट झाला. फुल्यांची तक्रार अशी, की डोंगर-दऱ्या तर गेल्याच, पडीक जमिनी आणि गायरानंही जंगलात घातली गेली. इथून पुढची साखळी ज्याने शेती केली आहे त्यालाच दिसेल. चरायला जागा नाही म्हणून जनावरं कमी झाली. जनावरं कमी म्हणून शेणखत कमी, खत कमी म्हणून जमीन नापीक. उरलेले बैल खंगलेले, म्हणून नांगरट उथळ. आणि एवढं होऊनही सारा मात्र चढाच!

साऱ्याची गोष्ट तर थेट आपल्या या अमेरिकेशी येऊन भिडते. 1836 साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांच्या पाहणीवरून तीस वर्षांसाठी सारा ठरला. ही मुदत संपत आली, तेव्हा इथे यादवी युद्ध (1861 ते 1865) चाललं होतं. इथला कापूस अडल्यामुळे तिकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीच्या छायेत फेरआकारणी झाली, सारा वाढला आणि मग भाव कोसळले. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, त्याची पार्श्वभूमी ही. सरकारने 1879 साली कायदा केला, पण त्याने वेसण घातली ती सावकाराला. सारा तसाच राहिला.

जंगलखातं झाडं मोजत होतं, सारा खातं रुपये मोजत होतं, पाटबंधारे खातं पाणीपट्टी मोजत होतं. आपापल्या रकान्यात प्रत्येकाचा हिशेब चोख. हे सगळे रकाने एकाच माणसाच्या गोठ्यात येऊन मिळतात, हे मात्र कुठल्याच खात्याला दिसत नव्हतं. फुल्यांना ते दिसलं. ते स्वतः कंत्राटदार होते, मांजरीला त्यांची शेती होती. कागद आणि चिखल, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलेलं.

आणि ते गावापाशी थांबत नाहीत. हा पैसा जातो कुठे, असं विचारतात. लष्कर, बड्या अंमलदारांचे पगार आणि पेन्शनी, कर्जावरचं व्याज, आणि परदेशी यंत्रांवरच्या स्वस्त मालाने बसवलेले इथले कारागीर, असा तो जमाखर्च आहे. त्या काळाकडे पाहिलं, तर हा प्रश्न किती नेमका होता ते कळतं. 1876 ते 1878 दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. तो सरतो न सरतो तोच, 1878 साली, अफगाण युद्ध सुरू झालं आणि त्याचा बहुतेक खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. काबूलचं राजकारण आणि इंदापूरचा बैल यांचा संबंध असा होता!

लेखन म्हणून पाहायचं, तर चौथं प्रकरण सर्वांत सरस आहे. कलेक्टरच्या तंबूकडून हताश होऊन परतलेला एक शेतकरी आणि मग त्याचं घर, वस्तू वस्तू मोजत दाखवलेलं. त्यात घाण आहे, आजार आहे, फाटकी वस्त्रं आहेत. आपल्या स्मरणिकांमधून गाव कसं येतं? सारवलेलं अंगण, तुळशीवृंदावन, धारोष्ण दूध. मीही तसे दोन लेख लिहिले आहेत. हे प्रकरण वाचल्यावर ते लेख पुन्हा उघडायचा धीर झाला नाही.

आता उणिवाही सांगायला हव्यात. तिसऱ्या प्रकरणातला प्राचीन इतिहास त्या रूपात आजचे अभ्यासक मान्य करणार नाहीत. सगळे ब्राह्मण कामगार एकाच मापाने मोजले आहेत आणि काही ठिकाणी राग युक्तिवादाच्या पुढे धावतो. मला सर्वांत खटकलं ते वेगळंच. गोऱ्या अंमलदारांचे डोळे-कान भट कामगारांच्या ताब्यात आहेत, त्यांना खरी स्थिती कळली तर ते न्याय करतील, अशी आशा पुस्तकभर आहे. पण 1875 च्या दंग्यानंतर सरकारच्याच समितीने जाडजूड अहवाल दिला होता. सरकारला पुष्कळ कळत होतं, तरीही ते हललं नाही. फुल्यांच्या टीकेचा हा कच्चा दुवा आहे.

तरी पाचव्या प्रकरणातले उपाय पाहिले की थक्क व्हायला होतं. बांध आणि तळी अशी घाला की पाणी जमिनीत मुरेल. हे काम रिकाम्या शिपायांकडून करून घ्या. गायरानं परत द्या. मेंढरांची जात सुधारा. बैलांची कत्तल थांबवा, असंही ते सांगतात, आणि त्यामागे नांगराला चांगले बैल उरले नाहीत हा रोकडा हिशेब आहे. शेतीची प्रदर्शनं भरवून शेतकऱ्यांना बक्षिसं द्या, हेही आहेच. इथल्या काउंटी फेअरमध्ये वासराच्या गळ्यात हात टाकून निळी रिबन मिरवणारी पोरं पाहिली, की मला आता 1883 सालची ती मागणी आठवते.

पुस्तक संपल्यावर मी नाशिकला आत्याला फोन केला. ती नव्वदीला टेकली आहे. 1951 साली कुलकर्णी वतनं गेली, तेव्हा ती शाळेत जात होती. मी सहज विचारलं, "आत्या, आपल्या वाड्यात गोठा कुठे होता गं?"

"गोठा? अगं, आपल्याकडे कधी गाय नव्हती."

"मग दूध?"

"दूध येत असे. कधी विकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही," आत्या म्हणाली. मग थोडं थांबून, "तेव्हा वाटलंच नाही गं काही."

पणजोबांनी कुणाला लुबाडलं, असा पुरावा माझ्याकडे नाही. ते सज्जनच असावेत. पण ज्या घरात गाय नाही आणि दुधाला कधी तोटा नाही, त्या घराचा हिशेब कुणाच्या तरी गोठ्यात मांडलेला असणारच. मोडी अक्षरावरचा माझा अभिमान गेला नाही. त्या कागदांवर काय लिहिलं होतं, हे मात्र आता विचारावंसं वाटतं.

कट्ट्याच्या दिवशी चौथं प्रकरण मोठ्याने वाचलं ते जुन्नरकडच्या, शेतकरी घरातून आलेल्या आमच्या एका मैत्रिणीने. पाच वर्षांत कट्ट्यावर ती प्रथमच एवढं बोलली. वाचून झाल्यावर काकाच म्हणाले, "पुढचं पण वाच."

तेव्हा मंडळी, ‘असूड’ हातात घ्याल तर चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करा, मग पाचवं वाचा आणि मग पहिल्याकडे वळा. आणि जमलं तर चारचौघांत मोठ्याने वाचा. लेखकाने तो आधी तसाच लोकांपुढे ठेवला होता.