दार कुणी उघडलं?

आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ साली आली. वाचून शहरातली माणसं म्हणतात, कागलचं पोरगं शिकलं, जिंकलं. गरीब शेतकऱ्याचा पोर पुण्यात प्राध्यापक झाला, हे खरंच. पण मी दहावीनंतर औताला लागलेला माणूस. मला त्यात दुसरंच दिसलं.

बापानं आनंदाची शाळा तोडलेली. रात्री आई नि पोरगं जातात कुणाकडं, तर दत्ताजीराव देसायांकडं. वाड्यावरनं शब्द पडला तेव्हा कुठं बाप वाकला. तेही अटीवर. सकाळी अकरापर्यंत पाणी पाजायचं, मग शाळा, सुटली की गुरं राखायची. म्हणजे वर जायचं दारही वरच्यानंच उघडायचं! आणि वर्गात बसल्यावर गमछा-धोतरावरनं पोरं चिडवणारच.

बापाला वाईट म्हणून मोकळं होणं सोपं. पण मळ्यातले दोन हात कमी झाले, तर ते काम पडतं कुणावर? आईवर, धाकट्या भावंडांवर. यादवांनी ते झाकलं न्हाई, म्हणून पुस्तक खरं वाटतं.

माझा धाकटा भाऊ शिकून साहेब झाला. त्याच्या शिक्षणाच्या वर्षांत बैल मी हाकले. तो गावी आला की खुर्ची मीच पुढं करतो. का, ते सांगता येत न्हाई. तोही अवघडतो.

माणूस वर चढतो तो एकटा, घर खालीच असतं. यादवांना ‘झोंबी’नंतर ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ लिहावी लागली. त्यांचंही मागं बघणं सरलं नव्हतं.